खिडकीचा आकडा

दिव्याने एकसष्ट दाखवले तेव्हा केतकी आवटीने पहिल्यांदा त्याला शिवी दिली. मनातल्या मनात दिली, कारण हॉलमध्ये खिडकीशेजारी तिचे सासरे भूपालअण्णा पेपर वाचत बसले होते, आणि पंधरा वर्षांच्या संसारात तिने त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता.

दिवा दिसायला साधा होता. पांढरा, उंच मानेचा, टेबलाच्या कडेला चिमट्याने बसवायचा. त्याच्या पोटात दोन बारीक कॅमेरे होते आणि कपाळावर एक आकडा. चाळीसच्या आत असेल तर हिरवा, वर गेला की तांबडा. सरकारी भाषेत त्याचं नाव ‘कार्यस्थळ दृश्यभारमापक’ असं होतं. घरोघरी लोक त्याला नजरदिवा म्हणत, आणि ज्यांना त्याच्यापुढे बसावं लागे ते आणखीही बरंच काही म्हणत.

केतकी छातीच्या फोटोंची दुसरी वाचक होती. जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत दिवसभर जे एक्स-रे निघत ते आधी यंत्र वाचायचं, आणि यंत्राला जिथे शंका यायची ते फोटो दुपारी दोन ते सात या वेळात सांगलीच्या या फ्लॅटमधल्या हॉलच्या कोपऱ्यात केतकीकडे यायचे. या कामात तिची नजर चांगली होती. यंत्राने ‘काही नाही’ म्हणून सोडलेली, दुसऱ्याच शंकेने आलेल्या फोटोतली बरगडीमागची सावली तिने तीनदा पकडली होती, आणि त्या तिन्ही माणसांची नावं तिला अजून पाठ होती. हे काम गेलं तर पगार जाईल याचं दुःख होतंच, पण या एका कामात ती स्वतःला हुशार वाटायची आणि ते घालवायची तिची मुळीच तयारी नव्हती.

आता नवा नियम आला होता. घरी बसून फोटो वाचणाऱ्याची जागा नीटनेटकी, मोकळी, ‘कमीत कमी वस्तूंची’ हवी. दृश्यभार चाळीसच्या आत दाखवा, नाहीतर परवाना रद्द. तपासणी चार आठवड्यांनी.

नियमामागचं विज्ञान खोटं नव्हतं, हेच जास्त चिडवणारं होतं. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं तर जेवढं नख तेवढंच काय ते माणसाला स्पष्ट दिसतं. बाकी सगळं धूसर. पण मेंदूला त्या धूसर भागाचीही खबर हवी असते, म्हणून तो डोळ्यांना सेकंदाला तीनदा इकडेतिकडे पळवतो. आपल्याला वाटतं आपण फोटोकडे टक लावून बघतोय. प्रत्यक्षात नजर मध्येच पेनस्टँडकडे, चार्जरकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाऊन परत आलेली असते, आणि ती गेली होती हे आपल्याला कळतही नाही. नजरदिवा बुबुळांच्या या उड्या मोजायचा, बाहुली किती मोठी झाली ते बघायचा, आणि खोलीतल्या प्रत्येक वस्तूला एक आकडा द्यायचा. त्या आकड्याला म्हणायचे ओढ. सगळ्या वस्तूंची ओढ मिळून दृश्यभार.

कंपनीने सल्ल्यासाठी एक बाईही दिल्या होत्या. वैदेही मॅडम. त्या पडद्यावरूनच सल्ला द्यायच्या. त्यांच्यामागे पांढरी भिंत होती आणि भिंतीवर काही नव्हतं. टेबलावर एक पेला होता, तोही बहुधा रिकामा.

“केतकी, प्रत्येक वस्तू हातात घ्या आणि तिला विचारा, तू इथे का आहेस?” वैदेही मॅडम म्हणाल्या.

केतकीने स्टीलचा डबा हातात घेतला. त्यात टाचण्या, रबरबँड, दोन जुनी सिमकार्डं, कुठल्या कुलपाची ते कुणालाच माहीत नसलेली किल्ली आणि अण्णांच्या चष्म्याचा एक स्क्रू होता. डब्याने काही उत्तर दिलं नाही. तिने तो उचलून बेडरूममध्ये नेला.

बेडरूम म्हणजे तिचा नवरा सुकुमार याचं ऑफिस. तो पंप बनवणाऱ्या एका कंपनीचं विक्रीचं काम बघायचा, आणि त्याला ‘मीटिंगा असतात’ म्हणून दार असलेली खोली त्याला मिळाली होती. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, ते आता आठवत नव्हतं.

“हे इथे कशाला आणायलीस?” सुकुमार मायक्रोफोनवर हात ठेवून म्हणाला.

“माझी जागा मोकळी करायची आहे.”

“आणि माझी?”

“तुझा आकडा कुणी मोजत नाही,” केतकी म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

पुढचे आठ दिवस ती घर उपसत होती. पेनस्टँड गेलं. त्यातली एकोणीस पेनं तिने चालवून पाहिली, दोन चालली. चार्जरांचं भेंडोळं गेलं. मनीप्लँट शेजारच्या काकूंकडे गेला. कॅलेंडर गेलं. टेबलाखालचं ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेलं खोक्यांचं खोकं गेलं, आणि ते गेल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यातलं एक खोकं लागलं. भिंतीला पांढरा रंग दिला. टेबलावर उरला पडदा, कळफलक आणि दिवा.

आकडा चव्वेचाळीस. तांबडा.

“अगं पण आता आहे काय तिथे?” सुकुमार कंबरेवर हात ठेवून म्हणाला. “माझ्या बॉसच्या टकलावर यापेक्षा जास्त वस्तू आहेत.”

केतकीला हसू आलं नाही. तिने दिव्याची यादी उघडली. कळफलक दोन. स्वयंपाकघराचं दार सहा. अण्णांची खुर्ची तीन. बेडरूमचं दार, म्हणजे त्यामागे बसलेल्या सुकुमारसकट, शून्य. आणि सगळ्यात वर: खिडकी, तेहतीस.

“शून्य?” सुकुमार खांद्यावरून वाचत होता. “मी शून्य?”

“दार शून्य. तू त्याच्या मागे.”

तो फुरंगटून आत गेला. केतकी खिडकीकडे बघत राहिली. खिडकीत काहीही नव्हतं. पश्चिमेची खिडकी. कट्टा रिकामा. समोर पलीकडच्या इमारतीची गच्ची, तिच्यावर पाण्याची टाकी, आणि त्यावर आकाश.

वैदेही मॅडमनी जाड पडदा लावायला सांगितला. “बाहेरची हालचाल ओढत असेल. झाकलं की संपलं.” केतकीने राखाडी रंगाचा जाड पडदा आणून लावला. अण्णांनी मुकाट्याने पेपर मिटला, कारण आता वाचायला उजेड नव्हता.

खिडकीचा आकडा एक्केचाळीस झाला.

“झाकल्यावर वाढतो?” केतकी दिव्याशीच भांडली. “अरे, झाकल्यावर वाढतो?”

वैदेही मॅडम पहिल्यांदाच गोंधळल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. “खुर्चीवर बसलेले आजोबा कुणाकडे राहायला जाऊ शकतील का? तपासणीपुरते?” केतकीने तिथल्या तिथे संभाषण बंद केलं. अण्णांनी ते ऐकलं की नाही हे तिला कळलं नाही. त्यांनी पेपर पुन्हा उघडला होता, अंधारातच.

दिवाळी आटोपली. तपासणीला पाचच दिवस राहिले. त्या रविवारी सकाळी केतकीने दिव्यातली सगळी टिपणं काढली आणि वस्तूंऐवजी वेळ लावून पाहिली. दिवसाच्या कुठल्या मिनिटाला नजर खिडकीकडे जाते? दुपारी दोनला जवळजवळ नाहीच. तीनला एखादी उडी. साडेचारपासून रेघ चढायला लागायची, पाचनंतर उभीच व्हायची, आणि सहाच्या आसपास एकाएकी कोसळून शून्य. मग सातपर्यंत खिडकी असली काय आणि नसली काय. हे रोज होतं. आणि रोज ती कोसळण्याची वेळ थोडी अलीकडे सरकत होती. तीन आठवड्यांपूर्वी सहा वाजून बारा मिनिटं, काल सहा वाजून एक.

ती कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत बसली. मग तिला कळलं.

अण्णा सूर्य मावळायच्या आत जेवत. आवटींच्या घरात पूर्वी सगळेच जेवत, आता एकटे अण्णा राहिले होते. सूर्य टेकला की संपलं, मग सकाळपर्यंत काही नाही. उशीर झाला तर ते रागवायचे नाहीत. “असू दे की,” म्हणून जपमाळ घेऊन बसायचे. त्यांनी असं म्हणू नये म्हणून केतकी पंधरा वर्षं रोज संध्याकाळी, हातातलं काम न सोडता, सूर्य टाकीच्या किती वर आहे ते बघत होती. टाकीच्या वर हातभर असला की कणीक भिजवायची. टाकीला टेकला की भाकरी तव्यावर. पाचनंतर पंधरा मिनिटांची सुट्टी घेऊन ती हे उरकायची. तिला स्वतःला वाटत होतं, फक्त पंधरा मिनिटं.

नजर वस्तूकडे जात नाही, खबर घ्यायला जाते. जिथून महत्त्वाची खबर येणार असते तिथे मेंदू पुन्हा पुन्हा माणूस पाठवतो. पडदा लावला म्हणजे खबर बंद झाली, म्हणून तो आणखी घाबरून आणखी माणसं पाठवू लागला. टेबलावरच्या डब्याचा, पेनांचा, बिचाऱ्या मनीप्लँटचा यात काही संबंध नव्हता.

ती उठली. पडदा काढला. मग बेडरूममधून डबा आणला, चार्जरांचं भेंडोळं आणलं, सतरा मेलेली पेनं आणली, इस्त्रीचे कपडे आणले, लोणच्याची बरणी आणली आणि सगळं टेबलावर मांडलं.

“काय करायलीस?” सुकुमार दारात येऊन उभा राहिला.

“आज संध्याकाळी पाच ते सहा तू इथे बसायचंस. तुझे पंपांचे कागद वाच.”

“रविवारी?”

“रविवारी.”

तिचा आवाज ऐकून तो बसला. केतकीने आत भाकरी केल्या, मुगाची आमटी केली, पावणेसहाला अण्णांचं ताट वाढलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. अण्णांच्या हातून वाटी पडली, घरंगळत सुकुमारच्या पायाशी गेली. सहाला केतकीने दिव्याकडे पाहिलं.

अकरा. हिरवागार.

यादीत लोणच्याची बरणी चार, कारण त्याला भूक लागली होती. खिडकी शून्य. अण्णा शून्य. वाटीसुद्धा एक.

“पास!” सुकुमार खूश होऊन म्हणाला. “बघ, इतका पसारा असून. तू फार ताण घेतेस.”

केतकी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. खूप वर्षांचं साठलेलं एकदम तोंडात आलं की आवाज उलट खाली जातो, तसा तिचा गेला.

“वडील कुणाचे?”

“म्हणजे?”

“अण्णा कुणाचे वडील? तुझे. सूर्य मावळायच्या आत जेवायची रीत कुणाच्या घरची? तुझ्या. तू जन्मल्यापासून सत्तेचाळीस वर्षं या घरात संध्याकाळी ताट येतंय. एकदा तरी खिडकीकडे बघितलंस? दिवा म्हणतोय, नाही. आधी आई बघायच्या, मग मी बघतेय. तुझं टेबल लोणच्याच्या बरणीसकट मोकळं आहे, सुकुमार. माझं टेबल पुसून पुसून झिजलं तरी भरलेलंच.”

सुकुमार काहीतरी विनोद करणार होता. त्याने पडद्यावरच्या रेघेकडे पाहिलं, सहाला कोसळणारी, रोजची, आणि विनोद राहून गेला. त्याला वाईट वाटलं हे दिसत होतं, पण वाईट वाटून भाकरी होत नाही, आणि केतकीला त्या क्षणी त्याच्या वाईट वाटण्याचीही चीड आली.

“उद्यापासून अण्णांचं संध्याकाळचं मी बघतो,” तो म्हणाला.

“विचारायचं नाही. पीठ कुठे आहे, मीठ किती, आता लावू का, काही विचारायचं नाही. विचारलंस की माझी नजर गेलीच.”

पहिले तीन दिवस त्याने विचारलं नाही आणि त्यामुळे अण्णांनी तीन प्रकारच्या करपलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी भाकरी भाकरीसारखी दिसली. पण केतकीचा आकडा चव्वेचाळीसवरून त्रेपन्न झाला, कारण आता तिची नजर खिडकीकडेही जात होती आणि सुकुमार उठला की नाही हे बघायला बेडरूमच्या दाराकडेही. शून्यावरून दार एकदम नऊवर आलं. “बघ, वाढलो,” सुकुमार म्हणाला.

तपासणी शुक्रवारी होती, साडेचार ते साडेसहा. पडद्यावरचं घड्याळ झाकलेलं, पुढ्यात चाळीस फोटो, आणि कुठूनतरी लांबून बघणारे एक तपासनीस, ज्यांचा फक्त आवाज यायचा. घरातले नेहमीचे आवाज चालतील, असं त्यांनी सांगितलं. सुकुमारने सकाळीच दोनदा शब्द दिला होता.

केतकी वाचत गेली. सहावा फोटो, सातवा, बारावा. भिंतीवरचं ऊन पिवळं झालं. बेडरूममधून सुकुमारचा आवाज येत होता, मोठा, हसरा, गिऱ्हाइकाशी बोलताना लागतो तसा. भांड्याचा आवाज नव्हता. एकोणिसावा फोटो. ऊन नारिंगी झालं. अजून तव्याचा वास नव्हता. दिव्याच्या कपाळावर पस्तीस, अडतीस. तिने ठरवून, दात आवळून खिडकीकडे पाहायचं नाही म्हटलं, आणि आकडा एक्केचाळीस झाला. डोळ्यांना धाक दाखवून ते ऐकत नाहीत. चोविसाव्या फोटोत डाव्या बरगडीखाली काहीतरी होतं, ती पुन्हा पुन्हा तिथे जाई आणि नजर निसटे. आता उठावं, असं तिने ठरवलं. गेला परवाना तर गेला. म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवून मी फोटो बघत बसणार नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून अण्णांचा आवाज आला.

“केतकी, मी जेवलो बरं का गं. सुकुमारनं आधीच करून ठेवलं होतं. गार होतं, पण झालं. तू कर तुझं काम.”

तिच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं. अण्णा आणि खोटं, या दोन गोष्टी तिने कधी एकत्र ऐकल्या नव्हत्या. खबर आली होती, मेंदूने पाठवलेली माणसं परत बोलावली. खिडकी तिच्या कडेला राहिली आणि नुसती खिडकी झाली. चोविसाव्या फोटोतल्या सावलीला कड दिसली, तिने खूण केली. पंचवीस, सव्वीस. हे इतकं सोपं असतं? तिला आश्चर्य वाटलं. बाकीच्या लोकांना रोज असं वाचायला मिळतं?

“एकतीस,” तपासनीसांचा आवाज म्हणाला. “परवाना मंजूर. चोविसावा फार थोड्यांनी पकडला आहे.”

केतकी नाचतच स्वयंपाकघरात गेली. ओटा कोरडा होता. तवा भिंतीला टेकलेला, थंड. पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट. घासायच्या भांड्यांत सकाळच्या चहाची पातेली, बाकी काही नाही. बाहेर दिवे लागले होते.

अण्णा आपल्या छोट्या खोलीत जपमाळ घेऊन बसले होते.

“अण्णा, तुम्ही जेवला नाहीत.”

“झालीस काय पास?”

“अण्णा!”

“झाली म्हणायची.” त्यांनी माळ ठेवली. “मी दारातून दिव्याकडं बघत होतो. तुझी नजर खिडकीकडं गेली की तो लाल व्हायचा. मग म्हटलं सांगून टाकावं. सूर्य मीच बघत होतो, तुझ्याजागी. मला काय दुसरा उद्योग आहे?”

“तुम्ही खोटं बोललात.”

“बोललो. त्याचं मी बघतो. उद्या उपवास करीन.”

“म्हणजे आज उपाशी आणि उद्याही?” केतकीचा आवाज पंधरा वर्षांत पहिल्यांदा चढला. “कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मी उठणारच होते! तुम्ही, तुमचा मुलगा, तो दिवा, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला वेड लावायचं ठरवलंय का?” आणि ती तिथेच पलंगाच्या कडेला बसून रडायला लागली. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा अवघडून, कारण त्यांनाही ती सवय नव्हती.

सुकुमार कानातली यंत्रं काढत दारात आला. “मोठी ऑर्डर मिळाली! अरे, किती वाजले?”

त्याने बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःहून, खिडकीकडे पाहिलं. तिथे काळोख होता. तो ‘सॉरी’ म्हणाला नाही. भिंतीला टेकून खाली बसला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अण्णांबरोबर तोही जेवला नाही. केतकीने दोघांनाही समजावायचं सोडून दिलं आणि स्वतः पोटभर जेवली.

सोमवारी दोन वाजता ती टेबलापाशी बसली. डबा परत आला होता, पेनंही. ती काढायचा तिला कंटाळा आला होता आणि दिव्याला त्यांचं काही वाटत नव्हतं. साडेतीनला बेडरूमचं दार उघडलं. सुकुमार बाहेर आला, खिडकीपर्यंत गेला, परत आत गेला. पावणेचारला पुन्हा. सव्वाचारला तो आला तेव्हा त्याच्या कानातून बॉसचा आवाज हॉलभर ऐकू येत होता, “आवटी, तुमचं लक्ष आहे का?” आवटींचं लक्ष नव्हतं. आवटी पिठाचे हात वर धरून टाकीकडे बघत उभे होते, कपाळाला आठ्या, खांदे कानाशी.

“केतकी,” तो हताश होऊन म्हणाला, “हा सूर्य आज लवकर चाललाय काय गं?”

केतकीसमोर सतरावा फोटो होता. ती सावलीची कड शोधत होती, आणि नजर तिने तिथून हलवली नाही.

“दसऱ्यापासून रोज चाललाय,” ती म्हणाली. “तू बघितलास आज.”